तूट म्हणजे नेमकी कुठली?

एम.ए.च्या पहिल्या सत्रात मी सेमिनारला ठणकावून सांगितलं होतं, "सरकारने कर्ज काढून खर्च केला की खासगी गुंतवणूक आटते." बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठली तूट धरलीस? महसुली, राजकोषीय की प्राथमिक?" मी गप्प. (महसुली तूट म्हणजे सरकारचा चालू खर्च चालू उत्पन्नाहून जितका जास्त तेवढी; राजकोषीय म्हणजे एकूण खर्च भागवायला जेवढं कर्ज काढावं लागतं तेवढी; प्राथमिक म्हणजे राजकोषीय तुटीतून व्याज वजा करून उरते ती.) मागच्या बाकावरचा सांगलीकर मित्र कट्टर केन्सवादी, म्हणजे मंदीत सरकारने खर्च वाढवावा असं मानणारा, पण बाईंनी त्याच्याकडे मोहरा वळवल्यावर त्यालाही उत्तर सुचेना.

पुण्यात अर्थशास्त्र शिकायला येणाऱ्यांना म्हणून मी सांगतो, बाजू नंतर घ्या. आधी केंद्राच्या अर्थसंकल्पातलं 'बजेट ॲट अ ग्लान्स' उघडा. 2025-26 च्या मूळ अंदाजात राजकोषीय तूट सुमारे 15.69 लाख कोटी, म्हणजे जीडीपीच्या 4.4 टक्के. त्यातून 12.76 लाख कोटींचं व्याज वजा केलं की प्राथमिक तूट उरते जेमतेम 2.93 लाख कोटी. सरकारच्या तूट-मर्यादा कायद्याचा फेरविचार करणाऱ्या एन. के. सिंग समितीने 2017 साली मुख्य भर कर्जाच्या प्रमाणावर आणि राजकोषीय तुटीवर दिला, आणि त्याच समितीत बसून तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी मतभेद नोंदवला: लक्ष प्राथमिक तुटीवर ठेवा. भांडण 'खर्च चांगला की वाईट' याचं नव्हतंच.

महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी, हा समजही लवकर टाका. शाळेची इमारत भांडवली खर्चात जाते, तिथल्या मास्तरांचा पगार महसुलीत. भांडवली खर्चाचा गुणक, म्हणजे एक रुपया खर्चला की उत्पन्न किती वाढतं तो आकडा, जास्त असतो असं भारताच्या आकडेवारीवरून दाखवणारा अभ्यास आहे; पण तो आकडा सांगताना मंदी आहे की तेजी, व्याजदर कुठे आहेत, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. परीक्षेत गुण मिळतील, व्हायवात अडकाल.

आता माझी फजिती. पहिल्या नोकरीत तुटीचा तक्ता करताना मी 2020-21 समोर 3.5 टक्के लिहिलं. तो फेब्रुवारीतला अंदाज होता. मग कोविड आला आणि प्रत्यक्ष तूट 9.2 टक्क्यांवर गेली. साहेबांनी लाल पेनाने फक्त एक प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला. तेव्हापासून प्रत्येक रकान्यावर अंदाज, सुधारित अंदाज की प्रत्यक्ष, हे लिहिल्याशिवाय मी पुढचा आकडा भरत नाही.

मोठ्यांचंही चुकतं, हा दिलासा असू द्या. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या 2010 च्या निबंधाने सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ कोसळते, असं सुचवलं. युरोपात काटकसरीचे समर्थक तो निबंध पुढे करायचे. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचं काम म्हणून तीच गणितं पुन्हा केली. एक्सेलच्या सूत्रातून पाच देश सुटले होते, सरासरी काढण्याची रीतही वादग्रस्त होती. 90 टक्क्यांवर कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे 0.1 टक्के होती, ती बदलून 2.2 झाली. मूळ लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही. वाद अजून मिटलेला नाही, आणि प्रबंधाला विषय सापडत नसेल तर हाच रस्ता धरा: एखादा गाजलेला तक्ता स्वतः पुन्हा करून बघा.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं 1902 चं अर्थसंकल्पीय भाषणही वाचा. फर्ग्युसनमध्ये प्राध्यापकी केलेला हा माणूस कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात उभा राहून सरकारच्या शिलकीलाच दोष देतो: दुष्काळाने पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला, म्हणून ती शिल्लक. मिठावरचा कर कमी करा, ही त्यांची मागणी.

आणि नोकरी लागली की पगारपत्रकात व्यवसाय कराचे 200 रुपये दिसतील. हा कर महाराष्ट्राने 1975 साली आणला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराकडून घेतला आणि तेवढाच गावातल्या मजुरीवर खर्च केला, तर तूट शून्य. मग एकूण मागणी वाढते का? सांगलीकर म्हणतो वाढते. मी अजून गणित मांडतोय.