गुगल अर्थमधली एकच जागा सेव्ह करून दुसऱ्याला कशी पाठवायची

काटोल साइडला कोणाचा संत्र्याचा बगीचा असला की पत्ता असाच सांगतात, फाट्यावरून आत या, पांदण धरा, नाला ओलांडला की डावीकडं. मॅप्सवर नुसती पिन पाठवली तर माणूस शेताच्या मधोमध पोचतो पण आत शिरायचा रस्ता कोणत्या धुऱ्यानं हे पिनला काय माहीत. म्हणून असल्या जागांसाठी मी तरी कॉम्प्युटरवरचं गुगल अर्थ प्रो वापरतो, २०१५ पासून ते फुकट आहे.

प्रॅक्टिस करायला नागपूरचं झिरो माइल घ्या, सिव्हिल लाइन्सच्या बाजूला ते चार घोडे आणि खांब वरून पटकन सापडतात. आधी झूम करून पाहिजे तो अँगल लावून घ्या आणि मगच कंट्रोल शिफ्ट पी दाबा, कारण पिवळी पिन टाकता त्या वेळी स्क्रीनवर जो व्ह्यू असतो तोच पिनसोबत सेव्ह होते आणि समोरच्यानं डबल क्लिक केलं की तो तिथंच, तेवढ्याच उंचीवरून उतरते. नंतर व्ह्यू बदलावा वाटला तर पिनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्ह्यूच्या टॅबमध्ये ‘स्नॅपशॉट करंट व्ह्यू’.

पिनची खिडकी उघडी आहे तोवर ती ओढून बरोबर फाटकावर आणा. नाव नीट द्या बाप्पा, ‘अनटायटल्ड प्लेसमार्क’ नावाच्या फायली पाठवणारे लोक आहेत, उघडल्याशिवाय काहीच कळत नाही. डिस्क्रिप्शनमध्ये रस्ता लिहा, पावसाळ्यात गाडी कुठपर्यंत जाते तेही लिहा, खरा उपयोग त्याचाच होते. ओके.

आता डाव्या बाजूच्या ‘प्लेसेस’मध्ये त्याच पिनवर राइट क्लिक करून ‘सेव्ह प्लेस अ‍ॅज’. इथं नीट पाहा काऊन की वरच्या ‘माय प्लेसेस’ फोल्डरवर क्लिक झालं तर तुमच्या सगळ्याच जागा एका फायलीत जातात, घर, सासुरवाडी, भावाचा प्लॉट, सगळं. फायलीचा प्रकार केएमझेडच ठेवा. केएमएल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल आणि केएमझेड म्हणजे तीच झिप केलेली, पण फरक असा की पिनला तुमच्या कॉम्प्युटरमधला फोटो आयकॉन म्हणून लावला असेल तर केएमझेडमध्ये तो सोबत जाते, केएमएलमध्ये नुसता त्याचा पत्ता जाते आणि समोरच्याला आयकॉन काही दिसत नाही.

ही फाइल मेलनं पाठवा नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून. घेणाऱ्याकडं अर्थ प्रो असेल तर डबल क्लिक केलं की जागा ‘टेम्पररी प्लेसेस’मध्ये येते, तिथून ओढून ‘माय प्लेसेस’मध्ये टाकायला सांगा. मोबाइलवर गुगल अर्थचं अ‍ॅप लागेल.

ज्याच्याकडं हे काहीच नाही, आणि बऱ्याच काकालोकांकडं नसतेच, त्याला सरळ आकडे पाठवा. टूल्स, ऑप्शन्समध्ये जाऊन डेसिमल डिग्रीज निवडा, मग पिनच्या प्रॉपर्टीजमधून आकडे कॉपी करा. पॉइंटनंतर पाच आकडे ठेवा, त्यात मीटरभर इकडंतिकडं होईल, दोनच ठेवले तर फरक किलोमीटरभराचा. झिरो माइलचे दोन आकड्यांपर्यंत २१.१५, ७९.०८ होतात, सर्च केलं तर नागपुरात पोचाल पण खांबापाशी पोचालच असं नाही. सर्चमध्ये अक्षांश आधी टाकायचे, पण केएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत रेखांश आधी लिहिलेले दिसतात, तिथून तसेच उचलून चिकटवले की माणूस थेट उत्तर ध्रुवाकडं स्वालबार्डजवळ, मे महिन्यात नागपूरकराला ते आवडेलही म्हणा.

अजून एक, ही फाइल म्हणजे त्या वेळची कॉपी आहे. तुम्ही उद्या पिन सरकवली, रस्त्याचं वर्णन बदललं तर समोरच्याकडं जुनंच राहते, त्याला नवीन फाइल पाठवा आणि जुनी डिलीट करायला सांगा. पाचसात जण मिळून एकच नकाशा भरून राहिले असाल तर हे फायलींचं प्रकरण सोडा, ब्राउझरमधल्या गुगल अर्थवर प्रोजेक्ट बनवून तो शेअर करा.