कोअर बॉक्ससमोर नवखे असाल तर

नागपूर भागात कोळशावर काम सुरू करणाऱ्याने एक गोष्ट आधी पक्की करावी : कामठी शैलसमूहाला नाव इथल्या कामठीचे मिळाले, पण कोळसा आहे तो त्याखालच्या बराकार थरांत. वर लालसर वालुकाश्म, कुठे लामेटा (चुनखडी-चिकणमातीचे थर), त्यावर दख्खनचा काळा पाषाण. जमिनीवर हिंडून फारसे हाती लागत नाही. सगळी भिस्त बोअरहोलवर, म्हणजे ड्रिलने पाडलेल्या खोल छिद्रावर.

कोअर (छिद्रातून निघणारा दगडाचा दंडगोल) निघाला की प्रत्येक रनची (एका खेपेत ड्रिल केलेल्या टप्प्याची) लांबी तिथेच मोजा. 3 मीटरच्या रनमधून 2.4 मीटर आला तर प्राप्ती 80 टक्के. थरातले उरलेले 60 सेंटिमीटर काय होते? मऊ कोळसा बॅरलमध्ये (कोअर धरणाऱ्या नळीत) दळला गेला असेल किंवा चिकणमाती वाहून गेली असेल. अंदाज ठोकू नका, भूभौतिक लॉग (बोअरमध्ये उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेली नोंद) पाहा. कोळशात गॅमा (नैसर्गिक किरणोत्सर्ग) आणि घनता दोन्ही खाली येतात. कार्बनी शेलमध्ये घनता तेवढी पडत नाही. ड्रिलरची खोली आणि लॉगची खोली जुळत नसेल, तर थराचे छत (वरची कड) दोन्हींत शोधून जुळवा.

नमुना त्याच दिवशी पॉलिथिनमध्ये बांधा. नागपूरच्या मे महिन्यात उघडा पडलेला कोळसा तडकतो, हवेने त्याचे ऑक्सिडेशन होते, उष्मांक घटतो. कोळशाच्या ग्रेडची पायरी किलोमागे 300 किलोकॅलरींचीच (जी-10 म्हणजे 4301 ते 4600), त्यामुळे हा निष्काळजीपणा महागात पडतो.

साठा काढताना हमखास होणारी चूक : उभ्या बोअरमधली जाडी नतीनुसार (थराच्या उतारानुसार) कमी करायची आणि क्षेत्रफळ मात्र नकाशावरचे घ्यायचे. नकाशाचे क्षेत्र घेतले तर उभी जाडीच घ्या. 1 चौरस किलोमीटर, 4 मीटर जाडी, विशिष्ट गुरुत्व 1.5 : झाले 60 लाख टन. मधले मातीचे पट्टे आधी वजा करा.

पण साठा म्हणजे खाण नव्हे. 10 मीटर कोळशावर 60 मीटर ओबी (वरचा दगड-मातीचा थर) असेल, तर टनामागे 4 घनमीटर दगड-माती उपसावी लागते. शिवाय कामठीचा वालुकाश्म पाणी धरून ठेवतो. बोअर सिमेंटने नीट बुजवला नाही, तर तेच पाणी पुढे खाणीच्या खालच्या गॅलरीत (बोगद्यात) उतरते. म्हणून बुजवल्याची तारीख आणि खोली लॉगच्या कागदावरच लिहून ठेवा.