दवाखान्यात स्टाफ टिकत नाही? आधी या चुका टाळा

"सर, तुमच्या बघण्यात एखादी चांगली मुलगी असेल तर सांगा ना. आमची परत सोडून गेली."

हा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. करणारा नुकताच दवाखाना टाकलेला डॉक्टर असतो. फर्निचर फर्स्टक्लास, बाहेर एलईडीचा बोर्ड, डोक्यावर बँकेचा हप्ता. मी विचारतो, किती दिवस होती? "तीन महिने." आणि तिच्या आधीची? "ती दोनच." मग "आजकाल कामाला माणसंच मिळत नाहीत" यावर मी मान डोलवावी अशी त्याची अपेक्षा असते. मी डोलवत नाही. शेजारच्या गल्लीत त्याच पगारावर एक बाई 14 वर्षं काउंटर सांभाळतेय, हे मला दिसत असतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 22 वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवतोय. स्टाफ पाच जणांचा: काउंटरला एक, दोन सिस्टर, वरचं सगळं बघणारा एक पोरगा आणि मावशी. खालच्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्यात. काही दोनदा.

पेशंटसमोर झापणं

डॉक्टर मंडळींना वाटतं, वेटिंगमध्ये वीस माणसं बसलेली असताना सिस्टरला दोन शब्द सुनावले की आपली शिस्त लोकांना दिसते. लोकांना दिसतं ते एवढंच, की डॉक्टर आज तापलाय. आणि सिस्टरला कळतं की या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही.

माझी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वीचा मे महिना. बाजाराचा दिवस, ओपीडी तुडुंब. सुट्ट्या पैशांवरून काउंटरला घोळ झाला, सत्तर रुपयांचा. काउंटरवाली रजेवर होती म्हणून तिथं सिस्टर बसली होती. तिचं ते कामही नव्हतं. मी केबिनमधून बाहेर येऊन सगळ्यांसमोर तिला बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, माझी आई वाचते हे.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आमच्या वरकामाच्या पोरानं फ्रिजचं बटण फुल्ल केलं. लसींच्या फ्रिजचं. कारण काय, तर त्यानं आत स्वतःची पाण्याची बाटली ठेवली होती आणि पाणी म्हणावं तसं गार होत नव्हतं. लसींना 2 ते 8 अंश लागतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मी. आपल्याला वाटतं लसीला उन्हाची भीती. पण पेंटाव्हॅलंट, डीपीटी, हिपॅटायटिस-बी या लसी गोठल्या की वाया जातात. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या गुठळ्या होतात. नंतर वितळून कुपी वरवर नेहमीसारखी दिसते, पण तिच्यात दम उरलेला नसतो.

मागच्या भिंतीला टेकलेल्या कुपीवर बर्फ त्या सिस्टरनंच पाहिला, दुसऱ्या दिवशी सकाळी. पोरगी हुशार. बटण तिनं गुपचूप मागे आणलं, मागच्या रांगेतल्या कुप्या उचलून वेगळ्या डब्यात ठेवल्या आणि मला पुढच्या रांगेतल्या देत राहिली. तिच्या समजुतीप्रमाणे तिनं लेकरांना वाचवलं. फक्त मला सांगितलं नाही. तीन दिवस!

चौथ्या दिवशी मी स्टॉक मोजायला बसलो तेव्हा डबा सापडला. विचारलं तर ती रडायलाच लागली. "सर, परत सगळ्यांसमोर बोलाल म्हणून..." एवढंच म्हणाली.

मग तापमानाची वही काढली. दिवसातून दोनदा आकडा लिहायचा असा आमचा नियम. पानभर सुंदर अक्षरात 4, 4, 5, 4. इतकंच काय, उद्या संध्याकाळचा रकानासुद्धा भरलेला होता. 5 अंश. पोरगा दोन दिवसांचं एकदम लिहून मोकळा व्हायचा. यातही माझाच हात. रिकामा रकाना दिसला की मी ओरडायचो, म्हणून त्यानं रकाना रिकामा ठेवला नाही. थर्मामीटर बघितला का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रांगेतल्या कुप्या गोठल्या नव्हत्या असं छातीठोक सांगायला माझ्याकडं काही नव्हतं, कारण वहीच खोटी. संशयातला सगळा साठा टाकला. त्या तीन दिवसांत लस दिलेल्या अकरा बाळांच्या घरी मी स्वतः फोन केले, परत बोलावलं, डोस पुन्हा दिला, पैसे न घेता. एका आजोबांनी केबिनमध्ये बसून मला जे सुनावलं, ते मी त्या सिस्टरला सुनावलं होतं त्यापेक्षा बरंच सभ्य होतं. सत्तर रुपयांवरून केलेला आरडाओरडा मला हजारो रुपयांना पडला, आणि पैशाचं तरी भरून निघतं.

तेव्हापासून माझी सवय अशी. पेशंटसमोर मी फक्त "नंतर बघू" म्हणतो. दुपारी ओपीडी संपली की मावशी चहा टाकतात आणि सगळे दहा मिनिटं बसतात. आज काय चुकलं ते आधी मी माझं सांगतो. रोज काहीतरी सापडतंच: केसपेपरवर वजन चुकीचं वाचलं, एका आईला ड्रॉप्सऐवजी सिरप सांगून बसलो. मग हळूहळू बाकीचे बोलतात. पहिले दोन महिने कुणी तोंड उघडलं नाही, नुसता चहा प्यायले. नव्या डॉक्टरांना हे सांगितलं की ते आठवडाभर करून बघतात आणि "सर, काही उपयोग नाही" म्हणतात. आठवड्यात तर दहीसुद्धा धड विरजत नाही थंडीत!

आणि फ्रिजच्या दारावर आता पोराच्याच अक्षरात चिठ्ठी आहे: "यात पाणी, डबा, फुलं ठेवू नये. बटणाला हात लावू नये." फुलं का, असं विचारू नका.

सर एक सांगतात, मॅडम दुसरं

नवराबायको दोघं डॉक्टर असलेल्या दवाखान्यांतला हा जुना आजार. सरांनी सांगितलं एमआर लोकांना, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना, दुपारी एकनंतरच सोडायचं. मॅडम म्हणतात, थांबवू कशाला, येऊ दे. सर म्हणतात, ओळखीच्या पेशंटला मध्ये घ्या. मॅडम म्हणतात, नंबराप्रमाणेच. काउंटरची पोरगी दोघांच्या मध्ये मृदुंगासारखी, दोन्हीकडून थापा खाते. त्यात सरांचे वडील सेवानिवृत्त असतील आणि वेळ जात नाही म्हणून काउंटरशेजारी खुर्ची टाकून बसत असतील, तर तीन मालक झाले.

यावर माझ्याकडं काही शास्त्र नाही. आमच्या घरी वाटणी झाली, ती भांडणातूनच झाली. पगार, रजा, ड्युटी हे सगळं बायको बघते. पेशंटच्या कामाचं मी. कुणी माझ्याकडं रजा मागायला आलं तर मी "मॅडमना विचारा" म्हणतो, मला दिसत असलं की रजा द्यायला हवी तरीही. तिनं नाही म्हटलेलं मी हो म्हटलं, की दुसऱ्या दिवसापासून सगळे माझ्याकडंच येणार.

रजेवरूनच आठवलं. गौरी जेवणाच्या दिवशी घरातल्या सुनेला रजा नाकारणारा डॉक्टर मी बघितलाय. ती आलीच नाही, आणि नंतरही आली नाही. आमच्या गावातून पालखी जाते, प्रत्येकाच्या गावची जत्रा असते, शेतात सुगी असते. या तारखा काही आभाळातून पडत नाहीत. जानेवारीत कालनिर्णय भिंतीला लावतानाच सगळ्यांना पेन द्यायचं आणि ज्याला जो दिवस हवाच आहे त्यावर नाव लिहायला सांगायचं. एका दिवशी दोन नावं आली तर त्यांचं त्यांनी ठरवायचं. आमच्याकडं खाडे याच एका गोष्टीनं कमी झाले.

पगार, उचल आणि वही

पगार 1 ते 5 तारखेच्या आत, खात्यावर. "कलेक्शन कमी झालं" हे कारण स्टाफला सांगायचं नाही. कलेक्शन जास्त झालं तेव्हा सांगितलं होतं का? किमान वेतनातला महागाईचा भाग दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. तो आपल्या सीएला विचारत जा. कित्येक डॉक्टरांना आपण किमान वेतनाच्याही खाली पगार देतोय याचा पत्ताच नसतो, आणि वर ते 'मोटिव्हेशन'वर व्हिडिओ बघत असतात.

उचल सगळीकडं चालते. पोराची फी, सासऱ्यांचं ऑपरेशन, बोअर मारायची असते. उचल द्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तोंडी उचलीला. माझ्या एका मित्रानं आठ वर्षं काम केलेल्या मावशींना अशीच अधूनमधून रक्कम दिली, कुठं नोंद नाही. त्याच्या हिशेबानं 18 हजार येणं, मावशींच्या हिशेबानं 11. दोघंही प्रामाणिक होते असं माझं मत आहे. सात हजारांवरून आठ वर्षं संपली. मावशी गेल्या, आणि त्यांच्याबरोबर कुठल्या पेशंटची आजी कोण, कुणाच्या घरी काय चाललंय, कुठलं बाळ आल्या आल्या आधी आत घ्यायचं, ही सगळी माहितीही गेली. शंभर पानी वही तीस-चाळीस रुपयांत येते. तारीख, रक्कम, दर महिन्याला किती कापायचे, दोघांच्या सह्या. मावशींना सही येत नसेल तर अंगठा, आणि वाचून दाखवायचं.

गुपचूप एकाचाच पगार वाढवू नका. पाच माणसांच्या दवाखान्यात गुपित दुपारच्या डब्यापर्यंत टिकतं.

सुई टोचली तर?

या बाबतीत मी चिडतो, आधीच सांगून ठेवतो. लहान मुलांच्या डॉक्टरच्या फ्रिजमध्ये हिपॅटायटिस-बीची लस कायम असते. तरी त्याच्याच दवाखान्यात सुया गोळा करणाऱ्या मावशींना ती दिलेली नसते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत हे स्पष्ट आहे: कचरा हाताळणाऱ्याला हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस, आणि वर्षातून एकदा तपासणी. पण नियम बाजूला ठेवा. तीन डोस आहेत, 0, 1 आणि 6 महिन्यांनी. ज्या दिवशी माणूस कामावर रुजू होतो त्या दिवशी पहिला. माझ्याकडं हजेरीपटावर नाव चढायच्या आधी दंडात सुई जाते.

टोचलं तर लपवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. जखम दाबत बसायची नाही, साबणानं आणि वाहत्या पाण्यानं धुवायची आणि मला लगेच हाक मारायची, समोर कुणीही बसलेलं असो. एचआयव्हीची शंका असेल तर गोळ्या जमलं तर दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. झापणाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात हे 72 तास कधी निघून गेले ते कळतही नाही. वापरलेल्या सुईला परत टोपण लावणारी सिस्टर दिसली तर तिचा हात धरून थांबवा आणि सुया टाकायचा पांढरा डबा तिच्या हाताशी सरकवा. डबा लांब असतो म्हणूनच टोपण लावलं जातं. तो ट्रेशेजारी ठेवा, खोलीच्या कोपऱ्यात नको.

आणखी काही

सीसीटीव्ही मोबाइलवर बघत घरून फोन करून "पंखा का चालू आहे" विचारू नका. कॅमेरा चोरासाठी असतो.

मावशींना भाजी आणायला, पोरांना शाळेतून आणायला पाठवू नका. एकदा पाठवलं की ते काम त्यांचंच होतं, आणि फरशी कुणी पुसायची यावर भांडण सुरू.

शेजारच्या डॉक्टरची सिस्टर हजार रुपये जास्त देऊन पळवू नका. हजारासाठी आलेली दीड हजारासाठी जाते. शिवाय तालुक्याच्या गावात त्या डॉक्टरशी तुमची गाठ आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या, मीटिंगला पडणारच आहे.

शिकाऊ मुलीला पहिल्याच आठवड्यात इंजेक्शन द्यायला लावू नका. घाई असते ती तुम्हाला, दंड असतो बाळाचा.

'महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी' असा फोटो चार माणसांत लावू नका. तीन जण नाराज होतात आणि चौथ्याला लाज वाटते. त्यापेक्षा एखादी आई जाताना "सिस्टरनी फार छान समजावलं हो" म्हणाली, तर तिला म्हणा, "हे मला नको, बाहेर तिला सांगून जा." मी हे न चुकता करतो. बाहेर काय चाललंय ते मला काचेतून दिसतं.

दिवाळीला पगाराऐवजी साडी देऊ नका. साडी द्या, पण पैशांच्या बरोबर.

आणि मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेऊ नका. एएनएम-जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स केलेल्या मुलींचे मूळ कागद कपाटात अडकवून ठेवणारे महाभाग मला माहीत आहेत. सोडून जाऊ नये म्हणून! झेरॉक्स ठेवा, मूळ त्याच दिवशी परत करा. ती फ्रिजवाली सिस्टर पुढं सरकारी भरतीत लागली. एका शुक्रवारी सकाळी अनुभवाचा दाखला मागायला आली, सोमवारी कागदपत्रं तपासायची होती. पेशंट थांबले होते. मी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या, सही-शिक्का मारला आणि ती गेल्यावर तिच्या जागी कुणाला घ्यायचं ते मावशींना विचारलं. मावशींनी नाव आधीच काढून ठेवलं होतं.