बाइकचे टायर कसे निवडायचे: पुढचा ग्रिपसाठी, मागचा टिकण्यासाठी

टायरच्या दुकानात गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "किती किलोमीटर जाईल?" आणि दुसरा, "शेवटचं कितीला देताय?" ग्रिपचं कुणी विचारतच नाही, ते आठवतं थेट जुलैमध्ये यवतेश्वरच्या घाटात, समोर वडापची (रस्त्यात प्रवासी भरत जाणारी) जीप अचानक थांबल्यावर.

आता ग्रिप आणि आयुष्य हे दोन्ही एकाच टायरमध्ये फुल्ल मिळत नाही हे आधी डोक्यात बसवा. रबर मऊ असलं की ते डांबराच्या बारीक बारीक खड्ड्यात दबून बसतं म्हणून पकड येते, पण तसं दबून घासत गेल्यामुळंच ते लवकर संपतंही. कडक रबर वरच्यावर फिरतं, जास्त टिकतं, आणि ओल्यात ब्रेक मारला की दगा देऊ शकतं. कंपन्या सिलिका वगैरे घालून मधला रस्ता काढतात, काही टायरमध्ये मधली पट्टी कडक आणि कडा मऊ असंही असतं, तरी ओढाताण पूर्ण संपत नाही.

माझं मत सरळ आहे. दोन्ही टायर एकाच हिशोबाने घेऊ नका. जोरात ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढं येतं आणि थांबवायचं बहुतेक काम पुढचं चाक करतं, मागचं घसरलं तर एखादवेळेस सावरता येतं, पुढचं घसरलं की विषय संपला. आणि गंमत म्हणजे पुढचा टायर झिजतो पण कमी, कारण इंजिनाची ताकद मागच्या चाकातून रस्त्यावर जाते. साधारण दोन मागचे संपतात तेव्हा कुठं एक पुढचा संपतो. मग पुढं जरा मऊ, चांगल्या ग्रिपचा टायर टाकला तरी खिशाला फार लागत नाही. मागं मात्र टिकणारा बघा. शंभर ते दोनशे सीसीच्या रोजच्या गाड्यांना हे चालतं. मोठ्या रेडियल टायरवाल्या गाड्या असतील तर तिथं जोडीनेच घ्यायचे, एकीकडं रेडियल आणि दुसरीकडं साधा बायस असला उद्योग करायचा नाही (रेडियल आणि बायस म्हणजे टायरच्या आतल्या धाग्यांच्या बांधणीचे दोन प्रकार).

१. गाडी खरंच कुठं फिरते ते ठरवा

आपला सातारा जिल्हा म्हणजे या बाबतीत अवघड गिऱ्हाईक. तिकडं महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि इकडं दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात, एकाच कंपनीची गाडी, पण पावसाळी मेढ्याच्या माणसाला जो टायर लागतो तो म्हसवडच्या माणसाला लागत नाही.

जावळी, पाटण, महाबळेश्वर, कास साइडला असाल किंवा केळघर-पसरणी घाट रोजचा असेल तर ओल्यातली पकड आधी, बाकी सगळं नंतर. खोल आणि भरपूर खाचा, कडेपर्यंत गेलेल्या, म्हणजे पाणी बाहेर पडायला वाट राहते. माण-खटाव, इकडं सांगलीत जत-आटपाडी, तिथं ऊन, मुरूम, खडी, मग दोन्हीकडं जरा टिकाऊ रबर घेतलं तरी चालतं आणि कच्चा रस्ता जास्त असेल तर मागं बटण टायरचा (सुट्या जाड ठोकळ्यांच्या नक्षीचा) विचार करा. बटण टायरचं एक सांगतो, दिसायला भारी दिसतो म्हणून गावात फिरायला टाकू नका, डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि वळणावर कमी रबर रस्त्याला टेकतं.

रोज साताऱ्याहून पुण्याला हायवेनं ये-जा करणाऱ्यांचा वेगळाच प्रॉब्लेम. सरळ रस्ता, एकच स्पीड, त्यामुळं मागचा टायर मधोमध सपाट होतो, कडा नव्यासारख्या आणि मधे पाट. असा टायर खंबाटकीत गाडी कलती केली की एकदम पडल्यासारखा वाटतो कारण गोलाई राहिलेली नसते. यांना मागं मधली पट्टी कडक असलेला टायर फायद्याचा.

आणि ऊस. वाळवा, कराड, तासगाव, कोरेगाव, कुठंही राहा, कारखाने सुरू झाले की ट्रॉलीतून पडलेलं पाचट, शेतातून चाकाला लागून आलेली काळी माती, त्यावर सकाळचं दव. त्याच्यावर आणि पावसाळ्यातल्या शेवाळावर जगातला कुठलाच टायर धरत नाही, तिथं स्पीड कमी करणं एवढंच. हे मुद्दाम सांगतोय कारण महागडे टायर टाकून लोकांचा हात जरा जास्तच सुटतो.

वर्षातून एकदा गोव्याला जायचंय म्हणून त्या हिशोबाने टायर घेणारे पण आहेत. बाकीचे महिने एमआयडीसी आणि घर. घ्या बापडे.

२. जुना टायर काय सांगतोय ते वाचा

दुकानात जायच्या आधी गाडी मेन स्टँडवर लावून खाली बसा आणि चाक हळूहळू फिरवा. मधेच जास्त झिजलाय म्हणजे हायवे जास्त किंवा हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधे नक्षी आहे म्हणजे हवा कमी ठेवून पळवलाय. पुढच्या टायरला हात फिरवल्यावर लाटा लागल्या तर शॉकअप, हवा नाहीतर बॅलन्सिंग बघा, तसाच नवा टाकला तर तोही तसाच होणार. एकाच बाजूने झिजलाय तर मागच्या चाकाचं अलाइनमेंट गेलेलं असू शकतं.

टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात, ती झिजेची खूण. त्याच्या सरळ वर खाचेत बघा, आत रबराचा बारीक उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या लेव्हलला आली की टायर संपला. पूर्ण गोटा व्हायची वाट बघायची नसते. आणि पावसाळी भागात तर उंचवट्याला टेकायच्या आधीच, मे मध्येच बदलून टाका, राहिलेल्या थोड्या नक्षीसाठी अख्खा पावसाळा जुगार खेळण्यात अर्थ नाही.

३. बाजूवरचे आकडे

समजा १००/९०-१७ ५५पी लिहिलंय. १०० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ९० म्हणजे उंची रुंदीच्या नव्वद टक्के, १७ म्हणजे रिम इंचात. पुढचा ५५ हा लोड इंडेक्स, म्हणजे तो टायर २१८ किलो पेलतो, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा.

या लोड इंडेक्सकडं कुणी बघत नाही आणि आपल्याकडं तर तोच बघायला पाहिजे. स्प्लेंडरचं घ्या, पुढं-मागं साइज एकच, ८०/१००-१८, त्यामुळं लोकांना वाटतं टायर तोच. पण पुढच्यावर ४७ असतो, म्हणजे १७५ किलो, आणि मागच्यावर ५४, म्हणजे २१२ किलो. आता दूध घालणाऱ्या माणसाची गाडी बघा, दोन्ही बाजूला चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, म्हणजे दुधाचंच वजन ऐंशी किलोच्या वर, शिवाय कॅन, शिवाय माणूस, शिवाय गाडी, आणि त्यातलं बरंचसं मागच्या चाकावर. तिथं पुढचा उचलून मागं टाकला किंवा स्वस्तात कमी इंडेक्सचा घेतला तर टायर गरम होऊन फुगणार. कंपनीने दिलाय त्यापेक्षा कमी आकडा घ्यायचा नाही, जास्त चालतो.

रुंद टायरचा मोह आवरा. शंभरच्या जागी एकशे वीस टाकला की गाडी दणकट दिसते, पण रिम तेवढीच असल्यामुळं टायर दोन्हीकडून चिमटल्यासारखा उभा राहतो, चेनकव्हरला घासतो, ॲव्हरेज पडतं आणि वळताना गाडी जड लागते. ग्रिप वाढेलच असं अजिबात नाही. एक साइज वर जायचं असेल तर कंपनी त्या रिमला परवानगी देते का तेवढं बघून जा.

४. पैशाचा हिशोब किलोमीटरवर करा

समजा एक टिकाऊ टायर २,४०० रुपयांचा, २५,००० किलोमीटर गेला, म्हणजे किलोमीटरला साधारण दहा पैसे. दुसरा मऊ, ३,२०० चा, १८,००० च गेला, म्हणजे अठरा पैसे. फरक आठ पैशांचा. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला ऐंशी रुपये. आणि पेट्रोल शंभराच्या वर असताना पन्नासच्या ॲव्हरेजलासुद्धा किलोमीटरला दोन रुपये जातात. दुकानात आठशे रुपये जास्त वाटतात ते असे पसरले की काहीच नाही. म्हणून पुढच्या टायरला तरी घासाघीस करून स्वस्तातला घेऊ नका. मागचा लवकर संपतो, तिथं हे गणित जास्त टोचतं, म्हणून मागं टिकाऊ.

कंपनीवरून वाद घालत बसायची गरज नाही. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, मिशलिन, सगळ्यांकडं टिकणारा पण असतो आणि ग्रिपचा पण. दुकानदाराला नाव न सांगता "टिकणारा कुठला, ओल्याला कुठला" असं विचारा आणि त्याच गाडीवर तोच टायर वापरणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला फोन करा. तुमच्या रस्त्यावर फिरणाऱ्या माणसाचं मत हे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओपेक्षा कामाचं.

५. दुकानात काय बघायचं

पहिलं म्हणजे तारीख. टायरच्या बाजूला लांबट गोलात चार आकडे असतात, ३५२४ असेल तर २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. कधी कधी ते आकडे एकाच बाजूला असतात, दिसले नाहीत तर टायर उलटा करून बघा, लाजायचं नाही. शक्यतो वर्षाच्या आतला घ्या. रबर नुसतं पडून पण कडक होत जातं, उन्हात दुकानाबाहेर टांगलेला असेल तर अजून लवकर. काळाकुळीत चकचकीत दिसतोय म्हणजे ताजा असं नाही, पॉलिश मारलं की चार वर्षांचा पण चमकतो. खाच जरा फाकवून आत बघा, बारीक भेगा असतील तर ठेवून द्या.

खाचा परत कापून दिलेला किंवा रिमोल्ड केलेला (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर टू-व्हीलरला नको म्हणजे नको, अर्ध्या किमतीत मिळाला तरी.

स्पोकची रिम असेल तर बहुतेक गाड्यांना ट्यूब लागतेच, मग टायरबरोबर ट्यूब पण नवीन घ्या, जुनी ट्यूब ताणलेली असते, घडी पडून नव्या टायरमध्ये चिमटा बसतो. अलॉयला ट्यूबलेस असेल तर व्हॉल (हवा भरायची नळी) नवीन बसवून घ्या, किरकोळ खर्च आहे. पंक्चर निघत नाही म्हणून ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून देणारे असतात, त्यापेक्षा रिमच्या कडेचा गंज घासून घ्या, बऱ्याचदा हवा तिथूनच जात असते.

६. बसवताना उभं राहा

चहाला जाऊ नका. बाजूवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेनेच पाहिजे, उलटा बसला की पाणी काढायच्या खाचा उलट्या काम करतात. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉलजवळ यायला हवा, कारण तिथं टायर सगळ्यात हलका असतो. रिमच्या कडेजवळची बारीक रेघ सगळीकडून सारख्या अंतरावर दिसते का ते चाक फिरवून बघा, एका जागी आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, हवा काढून परत बसवायला लावा. मागचं चाक काढलंच आहे तर चेनचा ढिलेपणा आणि दोन्हीकडच्या खुणा सारख्या आहेत का तेही तिथल्या तिथं. निघायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघा.

७. पहिले दोनशे किलोमीटर आणि हवा

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत आणि थोडा निसरडा असतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी जास्त कलती करायची नाही, जोरात ब्रेक नाही, हळूहळू कडा वापरात आणायच्या. पावसात बसवला असेल तर अजून जपून.

मग हवा. चेनकव्हरवर किंवा मॅन्युअलमध्ये आकडा असतो, पुढं साधारण २५ ते २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागं २८ ते ३३ आणि डबलसीट असाल तर मागं अजून जास्त, पण तुमच्या गाडीवर जो छापलाय तोच खरा. टायर गार असताना मोजायची, वाढ्याफाट्यावरनं तापवत आणून नाही. कमी हवेने ग्रिप वाढते म्हणून पावसाळ्यात हवा कमी करणारे आहेत, रस्त्यावरच्या गाडीला हे करू नका, टायर दबून खाचा मिटतात आणि कडा संपतात. टिकाऊ टायर घेऊन हवा आठवडे-आठवडे बघितलीच नाही तर जो पैसा वाचवला तो सगळा तिथंच गेला.

पंक्चर मधल्या भागात असेल तर ठीक, आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचा ठिगळ) मारून घेतलेला चांगला, बाहेरून भोकात खुपसलेली नुसती दोरी म्हणजे घरी पोचण्यापुरतं. बाजूच्या भिंतीला पंक्चर झालं तर दुरुस्ती नाही, टायर बदला. आणि गाडी कमी फिरत असेल, नक्षी भरपूर दिसत असेल, तरी पाच वर्षं झाली की दरवर्षी भेगा तपासायच्या.

बिल जपून ठेवा, त्याच्यावर पेनाने तारीख, मीटरचं रीडिंग आणि टायरवरचे ते चार आकडे लिहून मोबाइलमध्ये फोटो काढा. फुगा आला किंवा थर सुटला तर मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टच्या क्लेमला बिल लागतंच, आणि पुढच्या वेळेला हा टायर नक्की किती गेला ते दुकानदाराला विचारावं लागत नाही.