चारधाम यात्रेची आखणी : उंची, ऋतू आणि घरातल्या माणसांची ताकद पाहून

यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ आणि बद्रीनाथ या धामांची यात्रा ठरली की बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो तो किती दिवस लागतील हा, आणि त्याचे उत्तर एखाद्या सहल कंपनीच्या पत्रकावरून घेतले जाते. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : आपल्याबरोबर येणाऱ्यांत सर्वांत वयस्कर, सर्वांत अशक्त किंवा दम्या-रक्तदाबाने त्रासलेले माणूस कोण आहे, आणि त्याला एका दिवसात किती प्रवास आणि किती चढण झेपेल? त्या माणसाच्या बेताने आखलेली यात्रा सगळ्यांनाच सुखाची होते. तरुणांच्या बेताने आखलेल्या यात्रेत आईवडील निम्मा वेळ गाडीत मान टाकून बसलेले असतात, आणि ज्या दर्शनासाठी त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली, त्या दर्शनाच्या वेळी त्यांच्या अंगात उभे राहण्याचेही त्राण उरत नाही.

म्हणून दिवसांचा हिशेब सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्यावा. हरिद्वारहून निघून चारही धाम करून परत हरिद्वारला येण्यास किमान १० ते १२ दिवस हाताशी हवेत, आणि त्यात निदान एक दिवस कोणत्याही मुक्कामाच्या नावावर न घालता मोकळा ठेवावा. दरड कोसळून रस्ता बंद होणे, पावसामुळे केदारनाथची चढाई थांबवली जाणे, कोणाला तरी ताप येणे यांपैकी एखादी गोष्ट या प्रवासात घडतेच, असे धरून चालावे. एवढे दिवस मिळत नसतील तर फक्त केदारनाथ आणि बद्रीनाथ ही दोनच ठिकाणे शांतपणे करावीत. चार धामांची धावपळ करण्यापेक्षा दोन धामांचे स्वस्थ दर्शन मला कधीही अधिक मोलाचे वाटते.

कधी जावे

ही मंदिरे वर्षातून साधारण सहा महिनेच उघडी असतात. यमुनोत्री आणि गंगोत्रीची द्वारे परंपरेने अक्षय्य तृतीयेला उघडतात. केदारनाथचा मुहूर्त महाशिवरात्रीला उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात, तर बद्रीनाथचा वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात जाहीर होतो, त्यामुळे साधारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत सर्व तारखा कळलेल्या असतात. दिवाळीत गंगोत्री अन्नकुटाच्या दिवशी, तर यमुनोत्री आणि केदारनाथ भाऊबीजेला बंद होतात. बद्रीनाथ त्यानंतर नोव्हेंबरमध्ये बंद होते.

आपल्याकडे शाळांना सुट्टी असते म्हणून बहुतेक मराठी कुटुंबे मे महिना निवडतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत देशभरातून लोक तेथे येतात. २०२४ च्या मे महिन्यात गर्दी इतकी वाढली होती, की हरिद्वार आणि ऋषिकेश येथील प्रत्यक्ष नोंदणी काही काळ थांबवावी लागली होती. मुलांच्या शाळेचे बंधन नसेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हा काळ मी निःसंकोच सुचवेन : पाऊस ओसरलेला असतो, आकाश स्वच्छ असते आणि हिमशिखरे स्पष्ट दिसतात. थंडी मात्र मेपेक्षा अधिक असते, आणि पहाटे पाणी गोठेल इतका गारठा केदारनाथला पडतो.

जुलै आणि ऑगस्ट टाळावेत, आणि हे मी आग्रहाने सांगतो. ३१ जुलै २०२४ च्या रात्री झालेल्या ढगफुटीने केदारनाथची पायवाट ठिकठिकाणी तुटली आणि हजारो यात्रेकरू वाटेत अडकले. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या वाटेवरील धराली गावावर आलेल्या लोंढ्याने घरे आणि हॉटेले गाडली गेली. जून २०१३ चा केदारनाथचा प्रलय तर सर्वांच्या स्मरणात आहेच. पावसाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात आणि रांगा लहान असतात हे खरे आहे, पण ते कारण पुरेसे नाही.

नोंदणी आणि आरक्षण

उत्तराखंड शासनाची यात्रा नोंदणी प्रत्येकाला बंधनकारक आहे. ती शासनाच्या पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर करता येते आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. प्रत्येक धामासाठी स्वतंत्र तारीख घ्यावी लागते, म्हणून नोंदणीला बसण्यापूर्वी दिवसांचा आराखडा कागदावर तयार असावा. नोंदणीच्या पावतीची छापील प्रत आणि तिच्यावर दिलेलेच मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे, कारण तपासणी नाक्यावर मोबाइलला रेंज असेलच असे नाही.

केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी येथून चालते आणि तिची तिकिटे आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतात. या तिकिटांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडून दरवर्षी लोकांना फसवले जाते; फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘खात्रीचे तिकीट’ देऊ करणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नये. तिकीट हाती असले तरी ढग उतरले की उड्डाण रद्द होते, म्हणून हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांनीही राखीव दिवस ठेवावाच.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत. इतर अनेक ठिकाणांहून दिल्लीमार्गे जाणे सोयीचे पडते, आणि विमानाने जाणाऱ्यांना देहरादूनजवळचा जॉली ग्रँट विमानतळ जवळ आहे. पुढच्या प्रवासासाठी उत्तराखंडातीलच गाडी आणि डोंगरात वाढलेला चालक घ्यावा. घरची गाडी नेण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु कुठे थांबावे, कोणत्या वळणावर दगड पडतात आणि पाऊस सुरू झाल्यावर कोणता पूल टाळावा, हे ज्ञान तेथील चालकाकडेच असते.

मार्ग आणि मुक्काम

परंपरेप्रमाणे यात्रा पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ आणि शेवटी बद्रीनाथ अशी होते. या क्रमाचा शरीरालाही लाभ होतो. यमुनोत्री सुमारे ३,२०० ते ३,३०० मीटर उंचीवर आणि गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर आहे. केदारनाथ चौघांत सर्वांत उंच, जवळजवळ ३,५८० मीटरवर आहे. पहिल्या दोन धामांना जाऊन आलेले शरीर केदारनाथच्या विरळ हवेला अधिक चांगले तोंड देते, आणि दरम्यानचे मुक्काम खाली, बडकोट व उत्तरकाशी परिसरात होत असल्यामुळे झोपही नीट लागते.

घाटातील अंतरे आपल्याकडच्या महामार्गाच्या हिशेबाने मोजू नयेत. ताशी २५ ते ३० किलोमीटरचा वेग धरला तरच वेळेचा अंदाज बरोबर येतो. हरिद्वार ते बडकोट या प्रवासात जवळजवळ पूर्ण दिवस जातो, आणि उत्तरकाशीहून गुप्तकाशीला जाण्याचा दिवस तर सर्वांत कंटाळवाणा असतो. त्या दिवशी पहाटे निघावे आणि वाटेत काहीही पाहण्याचा बेत ठेवू नये. अंधार पडल्यानंतर पुढे जाण्याचा आग्रह चालकाला कधीही करू नये.

राहण्यासाठी गढवाल मंडल विकास निगमची पर्यटक निवासे साधी पण विश्वासाची असतात. धर्मशाळाही पुष्कळ आहेत. ज्येष्ठांसाठी खोली घेताना तळमजला, गरम पाणी आणि कमोड या तीन गोष्टी फोनवर स्पष्ट विचारून घ्याव्यात, कारण डोंगरउतारावरील हॉटेलांत गाडीतळापासून खोलीपर्यंत चाळीस-पन्नास पायऱ्या असू शकतात.

यमुनोत्री आणि केदारनाथची चढण

गंगोत्री आणि बद्रीनाथपर्यंत गाडी जाते. चालावे लागते ते इतर दोन ठिकाणी. यमुनोत्रीला जानकीचट्टीहून पाच-सहा किलोमीटरची वाट आहे. अंतर कमी असले तरी शेवटचा टप्पा चांगलाच चढणीचा आणि अरुंद आहे, आणि घोडे, डोल्या व पायी चालणारे तेथे एकमेकांना घासून जातात. मंदिराजवळच्या सूर्यकुंडाच्या उकळत्या पाण्यात फडक्यात बांधलेले तांदूळ शिजवून प्रसाद म्हणून घेतात. ती पुरचुंडी स्वतःच्या हाताने पाण्यात सोडायची असेल तर वाफेपासून हात जपावा.

केदारनाथसाठी खाजगी गाड्या सोनप्रयागला थांबतात, तेथून सुमारे पाच किलोमीटरवरील गौरीकुंडाला स्थानिक जीपने जावे लागते, आणि गौरीकुंडाहून सुमारे १६ किलोमीटरची पायवाट सुरू होते. गौरीकुंड २,००० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे एका दिवसात सुमारे १,६०० मीटर उंची चढायची असते. सिंहगडाच्या पायवाटेच्या दुपटीहून अधिक चढ, तोही विरळ हवेत. जंगलचट्टी, भीमबली असे टप्पे घेत रामबाड्यापर्यंत वाट सुसह्य आहे. जुनी वाट २०१३ मध्ये वाहून गेल्यामुळे आता रामबाड्याजवळ मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या काठाने लिंचोलीकडे चढावे लागते, आणि खरी कसोटी याच वळणावळणांच्या चढणीवर लागते. सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसाला वर पोहोचण्यास सात ते दहा तास लागतात, म्हणून पहाटे गौरीकुंड सोडता येईल अशा बेताने आदल्या रात्रीचा मुक्काम शक्य तितका सोनप्रयागजवळ करावा. दुपारनंतर यात्रेकरूंना वर सोडणे बंद होते, आणि ते त्यांच्या हिताचेच असते.

या वाटेवर सर्वांत महत्त्वाची सवय एकच : मागून घोड्याच्या घुंगरांचा आवाज आला की डोंगराच्या बाजूला सरकून उभे राहावे. पुष्कळ जण सवयीने दरीकडच्या कठड्याला जाऊन टेकतात. लादलेल्या खेचराचा एक धक्का लागला तरी तेथून सावरायला जागा नसते.

ज्यांना चालणे शक्य नाही त्यांच्यासाठी घोडा-खेचर, डंडी (माणसांनी खांद्यावर वाहून न्यायची खुर्ची) आणि कंडी (हमालाच्या पाठीवरची टोपली) यांची सोय आहे. त्यांचे दर प्रशासनाने ठरवून दिलेले असतात. अधिकृत खिडकीवरच पैसे भरून पावती घ्यावी आणि ती उतरेपर्यंत जपावी. घोडा चढण चढत असताना अंग पुढे आणि उतारावर मागे झुकवावे, दोन्ही पाय रिकिबीत घट्ट असावेत. लंगडणारे किंवा जखमी जनावर नाकारावे, आणि आपल्या घोड्याला वाटेत पाणी व विश्रांती मिळते आहे ना याकडे लक्ष द्यावे. शिवाच्या दर्शनाला जाताना मुक्या जिवाचे हाल आपल्या नावावर नसावेत. उतरताना शक्य असेल तर पायीच उतरावे. त्यासाठी काठी घ्यावी आणि घरून निघण्यापूर्वीच पायाची नखे कापावीत, नाहीतर उतारावर बुटात आपटून अंगठे काळेनिळे होतात.

प्रकृती

निघण्याच्या दोन-तीन महिने आधी रोज तासभर चालणे आणि जिने चढणे सुरू करावे. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि हृदयविकार, मधुमेह, दमा किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि उंचीवर औषधांचे प्रमाण बदलावे लागेल का, हे विचारावे. उंचीच्या त्रासावर जी गोळी मिळते, ती मनाने घेऊ नये. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना ते अवश्य सांगावे. रोजची औषधे डिकीतल्या बॅगेत न ठेवता अंगावरच्या पिशवीत असावीत.

डोके दुखणे, मळमळ, भूक नसणे आणि झोप न लागणे ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणे आहेत. ती दिसताच आणखी वर चढू नये, पाणी प्यावे, विश्रांती घ्यावी. बसल्या जागी धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी वाटेवरील आरोग्य केंद्र गाठावे आणि त्या माणसाला ताबडतोब खाली न्यावे. कापराची पुरचुंडी हुंगल्याने बरे वाटले तरी शरीराला मिळणारा प्राणवायू त्याने वाढत नाही, आणि ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांतच संपतो. खाली उतरणे हाच खरा उपाय आहे, मग मंदिराचा कळस समोर दिसत असला तरीही. हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण शरीराला सवय होण्यास मिळणारा दिवसभराचा वेळ त्यांना मिळत नाही. काही मिनिटांत ते हजारो फूट वर पोहोचलेले असतात.

कपड्यांत एका जाड स्वेटरपेक्षा अंगावर चढवता-उतरवता येतील असे थर असावेत, आणि रेनकोट मे महिन्यातही हवाच. बूट निघण्यापूर्वी महिनाभर वापरलेले असावेत. रोख रक्कम, पॉवर बँक आणि विजेरी विसरू नये.

पूजा आणि श्राद्ध

केदारनाथ आणि बद्रीनाथ येथील विशेष पूजांची नोंदणी मंदिर समितीकडे आगाऊ करता येते. केदारनाथला सकाळी अभिषेक असतात आणि संध्याकाळी शृंगारदर्शन असते. गर्दीच्या दिवसांत गर्भगृहात प्रवेश मिळेलच, असे गृहीत धरून जाऊ नये. वर मुक्काम केल्यास पहाटेच्या दर्शनाची संधी मिळते, पण आदल्या संध्याकाळी ज्याला उंचीचा त्रास जाणवतो आहे त्याने तो मुक्काम टाळावा.

बद्रीनाथला अलकनंदेच्या काठी ब्रह्मकपाल येथे पितरांचे श्राद्ध करण्याची प्रथा आहे आणि अनेक मराठी कुटुंबे त्यासाठीच तेथे जातात. गोत्र आणि दोन्हीकडच्या तीन-तीन पिढ्यांची नावे घरूनच वडीलधाऱ्यांना विचारून लिहून न्यावीत. ऐन संकल्पाच्या वेळी पणजीचे नाव आठवत नाही आणि फोनही लागत नाही, असे फार वेळा होते. दक्षिणा किती, हे विधी सुरू होण्यापूर्वीच विचारून ठरवावे. दर्शनापूर्वी तप्तकुंडात स्नान करताना ज्येष्ठांनी फार वेळ आत बसू नये, कारण त्या कढत पाण्यातून एकदम थंड हवेत आल्यावर चक्कर येऊ शकते. तेथून तीन किलोमीटरवरील माणा गाव अर्ध्या दिवसात पाहून होते. चोपत्याहून तुंगनाथच्या शिवमंदिराला जाण्याचा बेत मात्र राखीव दिवस शिल्लक असेल तरच करावा.

परतीच्या वाटेवर जोशीमठच्या अलीकडील विष्णुप्रयागापासून देवप्रयागापर्यंत पाचही प्रयाग, म्हणजे नद्यांचे संगम, लागतात, आणि हाच रस्ता दरडींमुळे तासन्‌तास बंद पडतो. म्हणून बद्रीनाथहून एका दिवसात हरिद्वार गाठून त्याच रात्रीची गाडी पकडण्याचा बेत कधीही करू नये. पिपळकोटी किंवा रुद्रप्रयागला एक रात्र काढावी, दुसऱ्या दिवशी हरिद्वारला पोहोचावे, आणि घरच्या गाडीचे तिकीट त्याच्याही दुसऱ्या दिवसाचे काढावे.