जुनी सायकल उचलण्याआधी

आठवडी बाजारात किंवा भंगाराच्या गोदामात रॉड-ब्रेकची (तारेऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकची) जुनी सायकल बघायला निघताना पिशवीत बारा इंची स्टीलची पट्टी, लोहचुंबक, चार मीटर दोरा, चाकाचा पाना आणि ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा असू द्या. जायचे ते सकाळच्या उजेडात.

टायर-ट्यूब, छर्रे, ब्रेकचे रबर बघून सायकल नाकारू नका. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रबर तडकणारच, आणि २८ × १½ चा टायर आजही मिळतो. खरी पारख फ्रेमची. हॅण्डलच्या नळीला खालची तिरपी नळी जिथे मिळते, तिथे तिच्या पोटाखालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला, तर सायकल समोरून धडकलेली आहे. ती कितीही स्वस्त असो, सोडा. मग मागच्या एक्सलच्या एका टोकाला दोरा बांधून, हॅण्डलच्या नळीला वळसा देऊन दुसऱ्या टोकाला ताणून बांधा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, जास्त नको. चुंबक नीट धरत नसेल तिथे पुट्टी भरलेली असते.

इथली कोरडी हवा लोखंडाला मानवते, काळी माती मात्र नाही. पावसाळ्यातला चिखल मडगार्डच्या आत बसला की ओल धरून ठेवतो. बाहेर रंग शाबूत आणि आतून पत्रा कुजलेला. आतल्या बाजूने अंगठ्याने दाबून बघा. मूळ मडगार्ड, चैनकव्हर, कंपनीचा बिल्ला, चामड्याची सीट या वस्तू सुट्या सापडणे फार अवघड, म्हणून त्या असतील तर दोन पैसे जास्त द्या.

फॉइल पाण्यात बुडवून गंजलेल्या रिमवर घासा. तांबूस लेप निघून चकाकी आली तर क्रोम जिवंत आहे, नखाला खड्डे लागले तर गेले. तारा मोजा: या सायकलींना बहुधा पुढे ३२, मागे ४० असतात. चैनचे २४ जोड १२ इंचांत बसायला हवेत. १२⅛ भरले तर चैन संपली, आणि बहुतेक फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दातेही.

सीटचा दांडा हलतो का बघा; नळीत गंजून धरलेला दांडा सुटायला आठवडा जातो. कॉटर पिन (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धुरीला पक्का धरणारी खीळ) काढायची असेल तर तिच्यावर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडा, आणि क्रँकखाली टेकू दिल्याशिवाय हातोडी मारू नका. डावे पायडल उलट्या आट्याचे असते. पैसे देण्याआधी फ्रेमवरचा नंबर पावतीवर लिहून घ्या.