पूर ओसरल्यावर गोव्यातल्या गावात मदतीला जाताय? आधी एवढं बघा

पाणी उतरायच्या आधीच व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायला लागतात, कपडे द्या, बिस्किटं द्या, आणि दोन दिवसांत पंचायतीच्या हॉलमध्ये जुन्या साड्यांचा ढीग लागतो. कपडे नकोच. द्यायचेच तर नवीन अंतर्वस्त्रं, टॉवेल, चादरी आणि सॅनिटरी पॅड द्या, बाकी ढीग शेवटी गावालाच टाकायला लागतो.

निघायच्या आधी वाड्यावरच्या पंचाला, म्हणजे पंचायत सदस्याला, नाहीतर महिला मंडळातल्या कुणाला तरी फोन करा, काय हवंय आणि रस्ता चालू आहे का ते विचारा. जुलै २०२१ ला सत्तरी तालुक्यात पैकुळचा पूल वाहून गेला होता, म्हणून सांगतो, गाडी भरून निघालात आणि नदीकाठी अडकलात असं व्हायला नको. साळ, इब्रामपूर, हसापूर, चांदेल या बाजूला तिळारी धरणातून पाणी सोडलं की शापोरा नदी परत चढते, म्हणून तिकडे जाताना धरणाचं काय चाललंय तेही विचारून घ्या.

सामानात उकडे तांदूळ, डाळ, खोबरेल तेल, मीठ, काडेपेट्या, मेणबत्त्या, ओआरएस. आणि खरी गरज असते ती फावडी, घमेली, खराटे, वायपर, ताडपत्री, गमबूट यांची. चिखल ओला आहे तोवर निघतो, सुकला की फरशीला धरून बसतो, मग कुदळीशिवाय हलत नाही.

पण फावडं लावायच्या आधी फोटो काढा! हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळे विसरतात. भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढलं त्याची रेघ, फ्रिज, गाद्या, पडलेली भिंत, सगळं. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत घर धुऊन लख्ख झालेलं असतं आणि मग नुकसान दाखवायचं कसं? शेतीबागायतीचं नुकसान असेल तर झोनल ॲग्रीकल्चर ऑफिसात वेगळा अर्ज करायला लागतो, शेतकरी आधार निधीचं, म्हणजे पीक नुकसानीच्या सरकारी मदतीचं, तिथेच विचारा. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्याच्या, घराचं जरा वेगळं, जमीन भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) नावावर, एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, आपलं नाव नाही म्हणून बरेच जण अर्जच करत नाहीत. त्यांना सांगा, घरपट्टीची पावती, वीज बिल, रेशन कार्ड जे हाताला लागेल ते घेऊन मामलेदार कचेरीत जा, आणि शक्य असेल तर तुम्ही स्वतः सोबत जा. माझ्या मते पोतंभर तांदळापेक्षा ही मदत मोठी. भिजलेले कागद ओढून सुटे करू नका, सावलीत पंख्याखाली ठेवा.

मातीच्या भिंतीचं घर असेल तर पाइपने जोरात पाणी मारू नका. पाणी ओसरल्यावर सुद्धा अशी भिंत खचते, म्हणून आत झोपायची घाई नको. लाईनमनने बघितल्याशिवाय मेन स्विच लावायचा नाही, आणि बुडालेला पंप सुकवून तपासल्याशिवाय चालू करायचा नाही. कपाटामागे हात घालताना आधी काठी, साप असतात.

विहीर. गढूळ पाणी उपसा, पण एका दमात सगळी विहीर रिकामी करू नका, बाहेरची जमीन फुगलेली असते, कठडा आत येतो. मग हिशोब: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, मीटरमध्ये, आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. ३ मीटर रुंद विहिरीत ४ मीटर पाणी म्हणजे साधारण २८ हजार लिटर. चांगली ब्लीचिंग पावडर १ हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे ७० ग्रॅम. बादलीत आधी लगदा करा, पाणी घालून ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोडा, पांढरा गाळ नाही. किमान तासभर थांबा, रात्री केलं तर उत्तम. पुराचं पाणी घाण असतं, तेव्हा आरोग्य केंद्रातल्या माणसाकडून क्लोरीन तपासून घ्या आणि प्यायचं पाणी तरीही उकळूनच.

चिखलात उतरणाऱ्यांनी पायाला जखम असेल तर उतरू नये, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) होतो. त्यावरची डॉक्सीसायक्लीनची गोळी आपल्या मनाने वाटायची नाही, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला विचारून. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर चिखलात होतो हे डॉक्टरला सांगा.

पहिल्या आठवड्यात गर्दी असते, तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकत नाही आणि खरे खर्च तेव्हाच निघतात. कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) पंपाचं रिवायंडिंग, पोरांची वह्यापुस्तकं, गॅसची शेगडी, आणि वर चतुर्थी तोंडावर. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी थोडे तेव्हासाठी राखून ठेवावेत, आणि शहरातून सामान आणण्यापेक्षा गावातल्याच दुकानात पैसे भरून ठेवावेत, त्या दुकानदाराचाही माल भिजलेलाच असतो आणि सगळा वाडा त्याच्याकडे उधारीवर चाललेला असतो.